कागदावर उतरणारा उजेड

कॅमेरा घेऊन दोन-तीन वर्षं झाली की बहुतेक हौशी छायाचित्रकार एका ठिकाणी येऊन अडकतात. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ यांचा ताळमेळ हाताला बसलेला असतो, फोकस सहसा चुकत नाही, लग्नाकार्यात ‘तुझ्या कॅमेऱ्यातून आमचा एक काढ’ अशी फर्माईश होते. फोटो बरे येतात. अडचण एवढीच की सगळे सारखेच बरे येतात. मग नवी लेन्स घ्यावीशी वाटू लागते. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, हौसेला मोल नसतं. पण त्याआधी एक करून पाहा. बारा बाय अठरा इंचांचा एक प्रिंट काढून, फ्रेम करून भिंतीवर लावायचा असं आज ठरवून टाका. फोटो अजून काढायचाच आहे. कागद आधी, कॅमेरा नंतर.

असं उलटं चालायचं कारण कागदाच्या स्वभावात आहे. पडदा स्वतः उजेड फेकतो, तर कागद खोलीत असेल तेवढाच उजेड परत करतो. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावरसुद्धा सर्वांत पांढरा ठिपका सर्वांत काळ्या ठिपक्याच्या हजारपट उजळ असू शकतो. चांगल्या ग्लॉसी कागदावर हे प्रमाण साधारण दोनशेपटीवर येतं आणि मॅट कागदावर चाळीस-पन्नासपटीवर. पडद्यावर पदराच्या सावलीत दिसणाऱ्या निऱ्या कागदावर एक काळा पट्टा होऊन बसतात, त्या यामुळेच. म्हणून उजेड आणि सावली यांच्यात किती अंतर ठेवायचं हे लॅबमध्ये किंवा लाइटरूममध्ये ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो. ते खोलीतच, माणूस समोर बसलेला असताना ठरवायचं.

सरावासाठी दोनच फोटो धरू. एक दिवसा खिडकीपाशी, दुसरा तिन्हीसांजेला निरांजनाच्या उजेडात. दोन्हीसाठी घरातल्या आजी-आजोबांपैकी कुणाला तरी गळ घाला. वयस्कर चेहऱ्यावर उजेड कुठून येतोय ते चटकन वाचता येतं, आणि ही मंडळी एका जागी बसतात.

खिडकीचा फोटो काढण्याआधी खोलीतली ट्यूब आणि दिवे बंद करा. हे सांगायला हवं का, असं वाटेल. पण घरगुती फोटोंमधला निम्मा विचित्र रंग इथूनच येतो. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास असतो, सावलीतला त्याहून निळसर, आणि पिवळा बल्ब २७०० च्या जवळ. एक गाल निळा आणि एक पिवळा झाला की व्हाइट बॅलन्सच्या एका पट्टीने दोन्ही सुधारत नाहीत. भिंतीकडेही लक्ष द्या. पोपटी किंवा गुलाबी ऑइलपेंटची भिंत जवळ असेल, तर ती आपला रंग हनुवटीखाली सोडतेच.

परदेशी पुस्तकं सांगतात की उत्तरेची खिडकी शोधा, तिच्यातून ऊन कधीच आत येत नाही. हे वर्षभर खरं नसतं, युरोपातही नाही. मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन घरात येतं. आपण तर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो; मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा दिशेचा हट्ट सोडा. ज्या खिडकीतून आकाश भरपूर दिसतं पण त्या वेळी थेट ऊन येत नाही, ती खिडकी चांगली. ऊन येत असेल तर जुनं पांढरं धोतर किंवा मलमलीचा तुकडा एकेरी ताणून लावा. बाजारात मिळणाऱ्या डिफ्यूजरचं कामही याहून वेगळं नसतं.

उजेड मऊ की कडक, हे त्याच्या स्रोताचा आकार चेहऱ्याच्या मानाने केवढा आहे यावर ठरतं. चार फुटी खिडकीपासून दोन फुटांवर बसलेल्या आजींना ती खिडकी प्रचंड मोठी असते, म्हणून सुरकुत्यांच्या कडा हळुवार येतात. त्याच आजी दहा फूट मागे गेल्या की तीच खिडकी लहान होते आणि सावलीची कड धारदार. दुसरा परिणाम उजेड कमी होण्याच्या वेगाचा. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. खिडकी मोठी असल्यामुळे तिच्याजवळ हा नियम काटेकोर लागू पडत नाही, उजेड जरा सावकाश उतरतो, पण दिशा तीच. म्हणून माणूस खिडकीपासून तीन फुटांवर आणि मागची भिंत दहा-बारा फुटांवर असेल तर भिंत आपोआप अंधारात जाते. मागचं कपाट, कॅलेंडर, टीव्ही लपवायला पडदा लागत नाही.

आता आजींचा चेहरा खिडकीकडे अर्धवट वळवा. खिडकीच्या उलट्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो तिथे थांबा. स्टुडिओवाले याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. त्रिकोण नाहीच आला तरी जीव टाकू नका; दोन्ही डोळ्यांत खिडकीचा ठिपका दिसतोय ना, ते जास्त महत्त्वाचं. मग सावलीची बाजू पाहा. इथे कागद आठवायचा. डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून चेहरा बघा. सावलीतला गाल आणि कान मिटून गेले, तर कागदावरही ते मिटणार आहेत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा थर्माकोलचा पांढरा तक्ता त्या बाजूला धरा आणि हळूहळू जवळ आणा. मॅट कागदावर छापायचं असेल तर तो जरा जास्तच जवळ आणावा लागतो. उलट, छोट्या पांढऱ्या खोलीत सगळीकडून उजेड परतून चेहरा सपाट दिसत असेल, तर त्याच जागी काळी शाल किंवा काळी छत्री धरा. उजेड काढून घेणं हेसुद्धा लायटिंगच आहे. ते फुकट असतं, आणि हौशी मंडळी ते करत नाहीत.

एक्स्पोजरबद्दल थोडं सांगतो. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणू पाहतो. आजींनी पांढरं पातळ नेसलं असेल तर तो घाबरून फोटो काळवंडवतो, अंधाऱ्या भिंतीपुढे बसल्या असतील तर चेहरा उडवतो. स्पॉट मीटर लावून उजेडातल्या गालावर मोजा. सावळी त्वचा मध्यम करड्याच्या आसपास किंवा अर्धा स्टॉप खाली, गव्हाळ किंचित वर. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या झोन पद्धतीची उदाहरणं गोऱ्या त्वचेची आहेत आणि तिला ते मध्यमच्या एक स्टॉप वर ठेवतात. तो आकडा जसाच्या तसा उचलला की आपल्याकडचे चेहरे राखाडी-फिकट होतात.

खिडकीचा फोटो जमला की निरांजनाकडे वळा. तो जास्त अवघड आहे आणि माझ्या मते जास्त शिकवणारा. त्याआधी एक चित्र पाहा. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात, आणि ते जलरंगातलं आहे हे सांगितल्यावरही कित्येकांना पटत नाही. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीपुढे आडवा धरलेला तिचा दुसरा हात, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. छायाचित्रकाराने पाहायचं ते हाताचं काम. ज्योत चेहऱ्यापेक्षा कित्येक पटींनी उजळ असते. ती थेट कॅमेऱ्याला दिसली तर एक पांढरा भोसका आणि त्याभोवती काळोख, एवढंच उरतं. आड आलेला हात ज्योत आपल्यापासून लपवतो आणि चेहऱ्याला मात्र देतो.

तुमच्या फोटोतही तसंच करा. निरांजन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर, छातीच्या उंचीला, हात कॅमेऱ्याच्या बाजूने आडवा. पदर आणि केस ज्योतीपासून लांब, आणि शेजारी एक माणूस फक्त त्यावर लक्ष ठेवायला. इथे उजेडाचा स्रोत अगदी लहान आहे, त्यामुळे अंतराचा नियम पुरेपूर लागू होतो. दिवा फुटावरून दोन फुटांवर नेला की चौथाईच उजेड उरला. एकाऐवजी दोन वाती लावल्या तर एक स्टॉप मिळतो. ५० एमएमची लेन्स एफ २ वर, शटर १/६० आणि आयएसओ १६००, इथून सुरुवात करा आणि मागेपुढे करत जा. खिडकी उघडीच ठेवा. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड निरांजनाच्या तोलामोलाचा होतो आणि सावल्यांमध्ये हलकाच भरतो. ही वेळ पाच-दहा मिनिटंच टिकते. दुपारी मी दोन रंगांचे उजेड मिसळू नका म्हणालो, आणि इथे मुद्दाम मिसळायला सांगतोय, हे खरं आहे. दुपारची मिसळ अपघाताने झालेली असते.

या फोटोत एक सापळा आहे. ज्योतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळा लाल-पिवळा. साधा हिस्टोग्राम मध्यावर दिसतो, सगळं ठीक वाटतं, आणि तेवढ्यात लाल चॅनल एकटाच उजव्या टोकाला आपटलेला असतो. गालाचा पोत जाऊन तिथे नारिंगी चकती उरते. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असते, ती चालू करा आणि लाल रंग टोकाच्या आत राहील एवढं एक्स्पोजर कमी ठेवा. रॉमध्ये काढत असाल तर सावली नंतर उचलता येते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. उडालेला लाल मात्र कुठूनच परत येत नाही.

फ्लॅशबद्दल फार सांगत नाही. कॅमेऱ्यावर बसणारा एक फ्लॅश असेल तर तो माणसाकडे न रोखता बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतच खिडकी होते आणि वर लिहिलेलं सगळं तिला लागू पडतं. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चरने आवरायचा, खोलीचा शटरने. एवढं कळलं की बाकी सरावाचा भाग.

आता संपादन. लाइटरूम भाड्याने घ्या किंवा डार्कटेबल फुकट उतरवून घ्या, फरक पडत नाही. फरक पडतो पडद्याच्या उजळपणाने. ‘प्रिंट काळपट आला’ ही लॅबमधली सर्वांत जुनी तक्रार आहे, आणि दोष बहुतेकदा शंभर टक्के उजळ ठेवलेल्या लॅपटॉपचा असतो. छपाईसाठी पडदा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढाच हवा. मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. महिन्या-दोन महिन्यांनी कुणा मित्राचं मागून आणा. नसेल तर दिवसा, खिडकीजवळ पण पडद्यावर थेट उजेड येणार नाही असे बसा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजळपणा उतरवा. सुरुवातीला पडदा मेल्यासारखा वाटेल, दोन दिवसांत डोळे सरावतात. रात्री पडदा पिवळा करणारी नाइट लाइट बंद असू द्या.

खिडकीच्या फोटोत व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डवरून किंवा थर्माकोलवरून घ्या. निरांजनाच्या फोटोत तसं करू नका. पूर्ण दुरुस्त केलं तर तो दिवेलागणीचा फोटो दवाखान्यात काढल्यासारखा दिसतो. २८०० ते ३२०० केल्विनच्या मध्ये कुठेतरी थांबा, चेहरा उबदार पण माणसाचा राहील असं. मग एक्स्पोजरची पट्टी चेहऱ्याकडे बघूनच हलवा, पार्श्वभूमीकडे नाही. हायलाइट आणि शॅडोच्या पट्ट्या टोकाला नेण्याची सवय असेल तर ती मोडा. सावली ओढून वर आणली की तिच्यात धुरकट करडेपणा येतो आणि कागद तो लपवत नाही.

वेळ द्यायचा तो स्थानिक कामाला. डार्करूममध्ये याला डॉज आणि बर्न म्हणत: छापताना कुठे उजेड कमी पोचू द्यायचा, कुठे जास्त. अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हा १९४१ मधला फोटो. सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात. पुढच्या दशकांत त्याच निगेटिव्हवरून त्यांनी आकाश जवळजवळ काळं केलं. तुमच्याकडे मास्क आहेत. चेहऱ्यावर मोठा, मऊ कडांचा मास्क टाकून पाव ते अर्धा स्टॉप उचला, चौकटीचे कोपरे आणि पांढऱ्या पदराचा झगमगणारा भाग तेवढाच खाली आणा. मास्क चालू-बंद केल्यावर फरक जाणवावा, पण चालू असताना तो कुठे आहे ते दिसू नये.

आणि एक विनंतीवजा ताकीद. रंगांच्या पॅनलमध्ये नारिंगीचा उजळपणा वाढवायची पट्टी असते. ती ओढली की सावळी त्वचा गोरी होते, म्हणून ती फार ओढली जाते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरी पिठात लोळल्यासारखी दिसतात ती याच पट्टीमुळे. कागदावर तर ही चलाखी लगेच उघडी पडते, कारण त्वचेतले बारीक रंगफरक गेलेले असतात आणि हळद, सोनं, झेंडू हेही सोबत फिकटलेले असतात. सुरकुत्या पुसणाऱ्या पट्टीबद्दलही माझं मत असंच आहे.

नॉइजचा धसका घेऊ नका. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहिलेला दाणा बारा बाय अठराच्या प्रिंटवर हातभरावरून दिसतही नाही. तो घालवायच्या नादात चेहरा मेणाचा झाला तर मात्र दिसतो. शार्पनिंग सर्वांत शेवटी, छपाईच्या मापाला फाइल आणल्यावर.

माप कसं काढायचं? इंचाला ३०० पिक्सेल धरले तर बारा बाय अठराला ३६०० बाय ५४०० लागतात, म्हणजे सुमारे एक कोटी ९४ लाख. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा हे सहज देतो. थोडं कापलं आणि २४० वर आलात तरी भिंतीवरच्या फोटोत कुणाला कळणार नाही. प्रमाणाकडे मात्र बघा. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन असते; चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा ही मापं तिच्यात चपखल बसतात. आठ बाय दहा घेतलंत तर बारा इंचांतले दोन इंच कापले जातात आणि तिथेच नेमके आजींचे हात असतात. फोटो काढतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडा, फ्रेमची कडही काही मिलिमीटर गिळते.

लॅबला फाइल देताना ती एसआरजीबीमध्येच द्या, लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर. अ‍ॅडोबी आरजीबीची फाइल साध्या यंत्रावर गेली की रंग मलूल येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते फाइल लहान करून टाकतं. पेनड्राइव्ह न्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि काउंटरवर स्पष्ट सांगा, ‘करेक्शन करू नका.’ बहुतेक लॅबमध्ये ऑपरेटर किंवा यंत्र आपणहून फोटो उजळ आणि भडक करतं. निरांजनाचा फोटो पाहून तर ते हमखास ‘अंडर आहे’ म्हणतील. लॅब आपल्या कागदाची आयसीसी प्रोफाइल देत असेल तर मागून घ्या. ती टाकून लाइटरूम किंवा डार्कटेबलमध्ये सॉफ्ट प्रूफ पाहिलं, की पडद्यावर पेटलेला नारिंगी कागदावर किती विझणार ते आधीच दिसतं. दिसल्यावर सॅच्युरेशन वाढवून भांडू नका. तो रंग त्या कागदाकडे नाहीच. उलट सॅच्युरेशन जरा कमी करा आणि आजूबाजूचा निळा किंचित गडद. नारिंगी शेजाऱ्याच्या जोरावर उजळतो.

मोठ्या प्रिंटआधी चाचणी घ्या. आठ बाय बाराच्या एका कागदावर चेहऱ्याचा भाग चार वेळा मांडा: जसा आहे तसा, मग तिसरा हिस्सा स्टॉप, दोन तृतीयांश आणि पूर्ण एक स्टॉप उजळ. खाली बारीक अक्षरात आकडे टाका. आलेला कागद दिवसा खिडकीपाशी बघा, मग रात्री ज्या भिंतीवर फोटो लागणार आहे तिथल्या दिव्याखाली बघा. दोन्ही ठिकाणी वेगळी चौकट आवडली तर भिंतीचं ऐका.

कागद निवडताना खिडकीच्या फोटोला मॅट शोभतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पिगमेंट शाईने कॉटन कागदावर छापून देणाऱ्या लॅब आहेत. १५८४ पासून कागद बनवणाऱ्या हानेम्यूले या जर्मन कंपनीचे कागदही तिथे मिळतात. महाग पडतं, वर्षातून एखादाच फोटो त्या लायकीचा निघाला तरी चालेल. निरांजनाच्या फोटोला काळोख खोल हवा, तो मॅटवर मिळत नाही. त्याला लॅबचा लस्टर किंवा ग्लॉसी द्या. घरच्या इंकटँक प्रिंटरवर छापत असाल तर आठवड्याला एखादा रंगीत कागद काढत जा, नाहीतर शाई वाळून हेड बसतं.

फ्रेम करताना लॅमिनेशन नको, काच बसवा म्हणा; पण प्रिंट काचेला टेकू देऊ नका. आपल्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात, काचेला टेकलेला प्रिंट काचेलाच चिकटतो आणि सोडवताना थर निघून येतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट बसवायला लावा, मागची पट्टी नीट बंद करून घ्या, आणि ओल येणारी किंवा थेट उन्हाची भिंत टाळा. प्रिंटच्या मागे तारीख, कागदाचं नाव आणि चाचणीतली निवडलेली चौकट कोणती ते लिहा. कॉटन कागदावर पेन्सिलीने चालेल. लॅबच्या कागदाची पाठ प्लास्टिकची असते, तिच्यावर चटकन वाळणारं मार्कर पेन लागेल. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.